मामेसासूबाईंचा कैलास

आमच्या मामेसासूबाई आयुष्यात कधी चुकीच्या ठिकाणी पोचल्याच नाहीत. वाट चुकल्या असतील, एसटी चुकल्या असतील, एकदा तर लग्नाचा मांडवच चुकून भलत्याच मांडवात जेवून, आहेर करून आणि वधूच्या आईला दोन गोष्टी सुनावून आल्या होत्या. पण त्या जिथं जाऊन टेकत, ते ठिकाणच मुकाट्यानं बरोबर होऊन जाई. त्या मांडवातल्या मंडळींशी त्यांचं पुढं असं काही जमलं की त्या घरातलं एकही बारसं मामींशिवाय झालं नाही. ज्या लग्नाला त्या निघाल्या होत्या त्यांनी मात्र बोलणं टाकलं. अशा बाईला 'मामी, तुमचं ठिकाण चुकतंय' असं तोंडावर सांगण्याचं धाडस आजवर एकाच माणसानं केलं. तो माणूस म्हणजे मी. लग्न होऊन वर्ष झालेलं, शाळेत भूगोल शिकवत होतो आणि चष्मा नवा होता. एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्यावर माणूस गप्प कसा बसेल?

आमची ही आणि तिचा धाकटा भाऊ, दोघं लहान असतानाच त्यांची आई गेली. वडील आधीच गेलेले. मामा-मामींनी दोघांना कोल्हापुरात आणलं आणि वाढवलं. गंगावेशीच्या अलीकडं मामांचं घर. पुढं माणसं आणि मागं म्हशी. संध्याकाळी मामा म्हशी घेऊन कट्ट्यावर जात आणि तालमीतून आलेली पोरं समोर धार काढून घेऊन तिथंच पेला तोंडाला लावत. मामींचं माहेर कोडोलीचं. आवाज असा, की त्या गोठ्यातून 'चहा ठेव गं' म्हणाल्या तर शेजारच्या तीन घरांत आधण चढायचं. अनोळखी माणूस म्हणजे 'पावणं', मग तो पोस्टमन असो, इन्कमटॅक्सचा माणूस असो, की चोर असो. चोराचं मी उगीच म्हणत नाही. एकदा खरंच एकजण गोठ्यात शिरला, तेव्हा मामींनी काळोखातच विचारलं, "कोन पावणं? कुणाकडं आलासा?" तो बिचारा इतका गोंधळला की मामांचं नाव सांगून ओसरीवर येऊन बसला.

त्या घराच्या माजघरात एक चित्र होतं. एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास कुणा पंपाच्या दुकानदारानं मामांना दिलेलं कॅलेंडर. वर्ष सरल्यावर तारखांचे कागद फाडून मामांनी वरचं चित्र पुठ्ठ्यावर डकवून भिंतीला लावलं. चांगल्या गुळगुळीत कागदावरचं रंगीत चित्र. मागं एकच बर्फाचा सुळका, खाली हिरवीगार उतरण, उतरणीवर पाचपन्नास घरांचं खेडं आणि त्यात एक टोकदार शिखराचं देऊळ. "ह्यो कुठला डोंगर?" असं मामींनी विचारलं तेव्हा मामा घाईत होते. "कैलास," असं म्हणून ते म्हशी सोडायला गेले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. मामींच्या दृष्टीनं सुरू झाला. दर सोमवारी डोंगराच्या पायथ्याशी, म्हणजे कागदाच्या तळाशी, डाव्या हाताला हळद आणि उजव्या हाताला कुंकू लागायला लागलं.

पुढं माझा मेहुणा, तेव्हा शाळकरी पोर, विषमज्वरानं अंथरुणाला खिळला. डॉक्टरनं हात टेकले. मामींनी चित्रासमोर पदर पसरला आणि नवस बोलल्या: पोरगं उठू दे, तुझ्या दारात येऊन पार्वतीची ओटी भरीन, आणि भरीपर्यंत गूळ तोंडात घालणार नाही. पोरगं उठलं. आता गूळ सोडणं म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. माहेरी कोडोलीला गुऱ्हाळ. थंडीत तिथं गेल्या की बाई चुलवाणाजवळ बसून गरम गुळाचा वास घ्यायच्या, सगळ्यांना आपल्या हातानं काकवी वाढायच्या आणि स्वतः दाणे खात बसायच्या. होळीला पुरण वाटायच्या त्या आणि पोळी खायचे आम्ही. त्या कोरी चपाती दुधात बुडवून खायच्या.

शेवटी एक वर्ष योग आला. हिमालयाची यात्रा काढणाऱ्या मंडळींच्या गाडीत मामींनी जागा धरली. कैलासापर्यंत ती गाडी जात नव्हती, पण "त्येच्या अंगणात तरी जाऊन येते, तिथनं हाक मारली तर काय ऐकू येत न्हाय व्हय?" असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांचा आवाज माहीत असलेल्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. वळकटी बांधून झाली, गल्ली निरोपाला जमली, आम्ही नवरा-बायकोही गेलो. मामी शेवटचा नमस्कार करायला चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि मी मागून चष्मा सावरला. चित्राच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांची एक ओळ होती. गावाच्या नावाची सुरुवात हळदीखाली गेलेली, ओळीचा शेवट कुंकवाखाली. मधे गावाच्या नावाची शेपटी आणि त्यापुढं 'आल्प्स' एवढंच उरलं होतं. वर्गात हात वर करणाऱ्या पोराच्या उत्साहानं मी म्हणालो, "अहो मामी, हा कैलास नाहीच! हे स्वित्झर्लंड आहे!"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही. बायकोनं माझ्या दंडाला चिमटा काढला, पण तो आता काय कामाचा?

मामींनी चित्राजवळ जाऊन ते निरखून पाहिलं. मग विचारलं, "मास्तर, नक्की न्हवं?"

"नक्की," मी म्हणालो. भूगोलाच्या माणसाला दुसरं काय म्हणता येतं?

मामींनी खाली बसून वळकटीची दोरी सोडायला घेतली. "मग मी तिकडं जाऊन काय करू? मी ज्येला बोलले त्यो तिकडं न्हाईच की. दुसऱ्याच्या दारात जाऊन माझी वटी भरू व्हय?"

"अगं पर त्यो देवच न्हवं," मामा कसेबसे म्हणाले. "म्या आपलं बोलायचं म्हनून..."

"पोरगं उठलं का न्हाय?" मामींनी विचारलं. "मग देव न्हाय तर कोन हाय? देवाला कुठं बी ऱ्हाता येतंय. उन्हाळ्याचा जात असंल तिकडं." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मास्तर, ठिकान तुमाला ठावं हाय. तवा न्यायचं बी तुमीच."

मामा मला गोठ्यात घेऊन गेले. मला वाटलं, आता मारतात. पण ते म्हशीच्या पाठीवर हात टेकून नुसते उभे राहिले. "इतकी वर्सं निभावलं बघा," ते म्हणाले. "तुमी आलासा आन् भूगोल शिकिवलासा."

तिथून पुढं मी त्या घरात पाऊल टाकलं की मामी पाण्याचा तांब्या देता देता विचारणार, "मास्तर, कवा निघायचं?" पाहुण्यांच्या पंगतीत विचारणार, भर रस्त्यात विचारणार, एकदा तर माझ्या वर्गाच्या खिडकीतून विचारलं. सगळ्यांत वाईट होळीला. माझ्या पानात तूप सोडलेली पोळी, समोर त्यांची कोरी चपाती, आणि "घ्या की अजून एक, लाजतासा काय." भूगोलाची इतकी कडक शिक्षा मी एकाही विद्यार्थ्याला केली नसेल.

आणि मग, ऐंशी सालाच्या आसपास, विषमज्वरातून उठलेलं ते पोरगं इंजिनिअर झालं आणि त्याच्या कारखान्यानं त्याला यंत्रं शिकायला स्वित्झर्लंडलाच पाठवलं. मामींना यात नवल वाटलं नाही. "त्येनंच बोलावून घेतलं त्येला," एवढंच म्हणाल्या. मेहुण्यानं कळवलं: मामा-मामी दोघांना घेऊन या, पण गाव कुठलं ते सांगा. मी चित्रावरची शेपटी पुन्हा वाचली, नकाशा काढला आणि ठासून कळवलं. त्यालाही त्याच शेपटीचं एक खेडं सापडलं. मागं बर्फाचा डोंगर, मधे टोकदार शिखराचं चर्च. झालं, ठरलं. मामा मात्र जागचे हलले नाहीत. "म्हशी कोन बघनार? आन् चित्रापुढं दिवा कोन लावनार?" चित्रच बरोबर न्यावं असं मी सुचवलं, तर मामी कडाडल्या, "देव्हाऱ्यातला देव उपसून सासरी न्हेत्यात व्हय?"

तेव्हा निघालो आम्ही तिघं. मामींच्या अंगावर नऊवारी, पायात वहाणा, वर मामांचा जाड कोट, आणि पिशवीत खण, तांदूळ, हळकुंडं, सुपारी, नारळ. विमानतळावर नारळ पाहून अधिकाऱ्यानं तो कानाशी नेऊन हलवला. "पानी हाय, पावणं, चांगला बघून आनलाय," मामींनी खात्री दिली. कमरेच्या चंचीत एक गुळाचा खडा होता. तो दिसल्यावर मी पुन्हा त्या चंचीकडं बघायचं टाळलं. कारण डोंगर दिसला नाही, ओटी भरली गेली नाही, तर तो खडा तसाच कोल्हापूरला परत जाणार होता.

आणि डोंगर दिसेना. आम्ही पोचलो ते धुक्यात. त्या गावात उतारूंना ठेवून घेणारी एक म्हातारी होती. अंगानं थोराड, कमरेला पांढरा एप्रन आणि आवाज मामींच्या तोडीचा. तिनं आम्हाला दूध दिलं. मामींनी पेल्यात बोट बुडवून धार बघितली आणि निकाल दिला, "गाईचं हाय. पातळ हाय. पर पानी न्हाय घातलेलं." म्हातारीला काय कळलं कोण जाणे, तिनंही पेल्यात बोट बुडवून आपल्या भाषेत काहीतरी ठणकावलं. मेहुणा भाषांतर करायला पुढं सरसावला, तर दोघींनी एकदमच त्याला हातानं बाजूला केलं. त्यानंतर त्या दोघी जे बोलत बसल्या, ते कोल्हापुरी आणि तिकडची भाषा यांच्यातलं मला ठाऊक असलेलं सगळ्यांत लांबलचक संभाषण. माझ्या इंग्रजीला कुणी विचारलंसुद्धा नाही.

डोंगर दिसेपर्यंत आसपासचं बघून घेऊ, असं मेहुण्यानं ठरवलं. दातेरी रुळावरून चढणाऱ्या गाडीनं आम्ही एका उंच कड्यावर गेलो. तिथून म्हणे चार देशांचे डोंगर दिसतात. आम्हाला कठड्यापलीकडं कापूस दिसला. पैसे फुकट गेल्याच्या दुःखात सगळे पाहुणे उभे होते, आणि मामी खूश. "ह्ये तर आपला पन्हाळा की गं! शिरावनात असंच आसतंय. काय बी दिसत न्हाय, पर लई बरं वाटतंय." त्यांनी तिथंच पिशवीतली दशमी आणि चटणी काढली. शेजारच्या एका लालबुंद गृहस्थानं चटणी जॅम समजून ब्रेडला लावली, त्याचं पुढं काय झालं ते सांगत नाही. गाडीत मात्र सबंध वाटभर त्याला मामींच्या पिशवीतलं पाणी मिळालं. डोंगराच्या पोटात कोसळणारा एक धबधबा पाहिला. तिथं त्यांनी वाकून, "हितं शेवाळ हाय, पावण्यास्नी पाय जपून टाकाय सांगा," असं तिकीट देणाऱ्याला सांगितलं. तळ्यातल्या नावेतून फिरलो. चीज करण्याचं एक घर पाहिलं, तिथं फळ्यांवर मांडलेल्या त्या चाकांसमोर नाकाला पदर लावून मामी मला म्हणाल्या, "नासलेलं दूध ही मान्सं कपाटात ठेवत्यात आन् आमच्यात सकाळी विरजन बिघडलं तर तुमचं मामा घर डोक्यावर घेत्यात." पण प्रत्येक ठिकाणाहून परत आल्यावर त्या अंगणात उभ्या राहायच्या आणि मला विचारायच्या, "मास्तर, कुनीकडं हाय त्यो?" मी नकाशा आठवून डावीकडं हात करायचो. त्या डावीकडं बघून हात जोडायच्या. डावीकडं धुकं. उजवीकडंही धुकंच, पण त्याची आम्हाला गरज नव्हती.

आमच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस आला. रात्री बायको मला म्हणाली, "उद्या दुपारची गाडी आहे. काही तरी करा ना." जणू धुकं माझ्या हेडमास्तरांच्या ताब्यात होतं.

सकाळी मोठमोठ्या घंटांच्या आवाजानं जाग आली. बाहेर बघतो तो रस्त्यानं गाई येत होत्या. उन्हाळाभर वर चरायला नेलेली जनावरं थंडीच्या आधी खाली आणायचा तो दिवस होता. शिंगांना फुलं, कपाळावर फुलांचे मुकुट, गळ्यात घागरीएवढ्या घंटा, आणि दोन्ही बाजूंनी नटलेलं गाव. मामी अनवाणी बाहेर धावल्या. "अगं बया, बेंदूर!" बेंदूर म्हणजे आमच्याकडचा पोळा. त्यांच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. "हितं बी बेंदूर करत्यात!" आणि आम्ही आवरायच्या आत त्या आतून पाण्याचा तांब्या आणि कुंकवाचा करंडा आणून मिरवणुकीच्या मधोमध गेल्या. पहिली गाय आमच्या म्हातारीचीच होती. मामींनी तिच्या पायावर तांब्यातलं पाणी घातलं, मुकुट बाजूला सारून कपाळाला कुंकू लावलं आणि नमस्कार केला. मिरवणूक थांबली. गाईचा गडी काठी घेऊन पुढं आला. माझ्या डोळ्यांसमोर तिथला तुरुंग उभा राहिला. पण म्हातारीनं हात वर करून गड्याला थांबवलं आणि गाईच्या कपाळावरचं कुंकू वाकून पाहिलं. मग तिनं स्वतःचंच कपाळ पुढं केलं.

"मामी," बायको घाईनं कुजबुजली, "त्यांचे यजमान गेलेत. आत फोटो आहे."

मामींनी करंड्यातलं बोट काढलंसुद्धा नाही. "पार्वतीला कोन इचारतंय, नवरा घरात हाय का म्हनून? तिचा बी कवा घरात नसतोय." आणि कुंकू लावलं.

गाई गेल्या. धुकं तसंच. मामी आत जाऊन ओटीचं सामान घेऊन आल्या आणि ओंजळीत खण, तांदूळ, नारळ धरून अंगणात उभ्या राहिल्या. "आता वाट बघत न्हाय मी. त्यो पदराआड बसला असला तर बसू दे. मास्तर, कुनीकडं?" मी डावीकडं हात केला. म्हातारी आमच्याकडं बघत होती. तिनं मेहुण्याला काहीतरी विचारलं, त्यानं डोंगराचं सांगितलं. ती जोरजोरानं मान हलवायला लागली, पुढं आली, मामींचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना उजवीकडं वळवलं. इतके दिवस मी त्यांना गावच्या सरकारी गोदामाला हात जोडायला लावत होतो.

मामींना वळवून म्हातारी त्यांच्यासमोरच उभी होती. मामींची भरलेली ओंजळ पुढं आलेली. म्हातारीला वाटलं असणार, जाताना काहीतरी भेट देतायत. तिनं आपल्या पांढऱ्या एप्रनची दोन टोकं दोन्ही हातांत धरली आणि पसरली. आमच्याकडं बाया पदर पसरतात, अगदी तशी.

मामींनी त्या पसरलेल्या एप्रनकडं पाहिलं. मग त्यांनी सावकाश, तांदळाचा दाणाही खाली न सांडता, म्हातारीची ओटी भरली. खण, तांदूळ, हळकुंडं, सुपारी आणि सगळ्यात वर नारळ. वाकून नमस्कार केला. मग चंची उघडली, गुळाचा खडा दातानं फोडला, अर्धा म्हातारीच्या हातावर ठेवला आणि उरलेला जिभेवर ठेवून डोळे मिटून घेतले.

आणि त्याच वेळी उजवीकडचं धुकं जरासं फाटलं. दुधावर साय धरावी तेवढं पांढरं काहीतरी वर दिसलं. "मामी! मामी, बघा!" मी ओरडलो. मामींनी डोळे उघडेपर्यंत धुकं मिटलं होतं.

"गेला," मी म्हणालो.

"आसू दे," मामी गूळ घोळवत म्हणाल्या. "अजून तसाच गोड हाय की."

कोल्हापुरात गाडीतून उतरल्यावर फाटकाशी मामा उभे होते. इतक्या वर्षांनी माझ्यावरचा राग गेल्यासारखे दिसत होते. नाही तर बायकोशिवाय राहून वाळले असतील. त्यांनी पिशवीही न घेता आधी विचारलं, "दिसला काय गं?"

"दिसला न्हाय," मामी म्हणाल्या. "पर हुता."

त्या वर्षी होळीला मामींनी पुरणपोळी आपल्या पानात वाढून घेतली. मामा समोर बसून नुसते बघत होते. माझ्या पानात कुणी काही वाढलं की नाही, याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि मला त्याचं फार बरं वाटत होतं.

आता दोघंही नाहीत. गोठा मोडला, म्हशी गेल्या, आणि ते चित्र आमच्या घरी आलं. पुठ्ठ्याला बुरशी धरली होती, म्हणून परवा नीट चौकट करून घ्यावी म्हटलं आणि ओल्या फडक्यानं कडा पुसायला घेतल्या. वर्षानुवर्षांचा थर त्या गुळगुळीत कागदावरून कुंकवासकट निघून आला आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरं दिसली. सवयीनं चष्मा सावरला. त्या गावाचा देश स्वित्झर्लंड नव्हता. ऑस्ट्रिया होता.

मी हिला हाक मारली. ती हात पुसत आली, वाकून वाचलं, माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि आत जाऊन मामींचा करंडा घेऊन आली.

"पुसलंत कशाला ते?" ती म्हणाली. "लावा परत."